खोपटातला वारा

थर्झा : नाही, म्हणजे तसं सांगूच नका ना. सांगा, आकडे तपासले, ठाम असं काही कळलं नाही. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं?

मिल्डा : ते खोटं होईल. मला ठाम कळलं आहे.

थर्झा : माझे बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, मिल्डाबाई. डोळ्यांना उजेड आणि अंधार, एवढाच काय तो फरक कळतो. कशाला हवंय त्यांना आता?

मिल्डा : मग त्यांच्या वह्या मला का पाठवल्यात? चाळीस वह्या. तुम्ही स्वतः बोटीवर चढवल्यात.

थर्झा : तुमचं पत्र आलं म्हणून. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवते. ते एक दाखवलं नाही. तेवढं ढवळा हो जरा, खाली लागेल. यंदा जर्दाळू नुसते पाणी झालेत.

मिल्डा : किती वेळ ढवळायचं?

थर्झा : मी थांबा म्हणेपर्यंत. मला वाटलं, तुमचं ते मेलबर्नचं नवं गणकयंत्र सांगेल की बाबा बरोबर होते. मग तुम्हाला थाटात बोलावलं असतं. केक केला असता.

मिल्डा : आणि चूक होते असं निघालं तर?

थर्झा : तर तुम्ही पत्रानं कळवाल, मी ते चुलीत घालीन, विषय संपला. तुम्ही बॅग घेऊन दारात उभ्या राहाल असं कुठे वाटलं होतं मला!

मिल्डा : सहा आठवडे मी त्यांचे आकडे यंत्राच्या कागदी फितीवर भोकांनी टोचत होते. जवळजवळ दोन लाख आकडे. त्यांचा सात आणि त्यांचा एक मी आता झोपेतही ओळखीन. अशा माणसाला मी पत्र टाकून मोकळी होणार नव्हते.

थर्झा : तुम्ही लात्वियाचे लोक सगळे असेच सरळसोट का हो?

मिल्डा : सगळे नाही. माझा भाऊ फार गोड बोलतो. तो विमा विकतो.

थर्झा : हसवू नका. ऐका माझं. सव्वीस ते एकतीस साल, पाच वर्षं बाबा त्या डोंगरावरच्या खोपटात होते. शाळेत शिकवायचं आणि सुट्टी लागली की वर. पेपरात फोटो आला होता, 'होबार्टच्या मास्तरांनी आइन्स्टाइनला पाडलं.' दोन वर्षं लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. मग एकदम सगळं चिडीचूप. कुणी चूक दाखवली नाही, कुणी बरोबरही म्हणालं नाही. पत्रांना उत्तरंच येईनात. त्यानंतर आजपर्यंत तो माणूस पोस्टमनची वाट बघतोय.

मिल्डा : आपण चुकलो असू, असं त्यांना कधीच वाटलं नसेल?

(हेक्टर काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येतात.)

हेक्टर : रोज वाटायचं. सकाळी, चहाच्या आधी. चहा झाला की जायचं.

थर्झा : बाबा! केव्हापासून उभे आहात?

हेक्टर : जर्दाळूंपासून. आणि थर्झा, वह्यांचं फडताळ सप्टेंबरपासून रिकामं आहे. माझे डोळे गेलेत, हात नाही गेले. मी म्हटलं, बघू, कधी सांगते ते. पाच महिने झाले. या बाई कोण?

मिल्डा : मिल्डा काल्नीना. मेलबर्नला गणकयंत्रावर काम करते. त्याआधी दोन वर्षं सफरचंदं डब्यात भरत होते, इथेच, तुमच्या ह्युऑन खोऱ्यात. निर्वासितांसाठी तसा सरकारी करार होता. त्याच्याही आधी रिगाला पदार्थविज्ञान शिकत होते. युद्धामुळे अर्धं राहिलं.

हेक्टर : बस. नाही, ढवळत उभी राहा, थर्झा ओरडेल. मीच बसतो. माझा एक नियम आहे. मी काय मोजत होतो ते ज्याला सांगता येत नाही, त्याच्याशी मी त्यावर बोलत नाही. सांग.

मिल्डा : प्रकाशाचा एक झोत दोन वाटांनी पाठवायचा. दुसरी वाट पहिलीला काटकोनात. दोन्ही आरशांवरून परत आणून एकत्र मिसळायचे. दुर्बिणीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. प्रकाश ज्यातून जातो म्हणतात त्या, अवकाशभर पसरलेल्या ईथरमधून पृथ्वी जर धावत असेल, तर ईथरचा वारा लागणार. यंत्र फिरवलं की एका वाटेला वारा समोरून, दुसरीला आडवा. मग पट्ट्या सरकायला हव्यात. आइन्स्टाइनचं म्हणणं, प्रकाशाचा वेग सगळीकडे तोच, म्हणून पट्ट्या सरकणार नाहीत.

हेक्टर : आणि यंत्र फिरवायचं कसं?

मिल्डा : दीड टनाची शिळा. पाऱ्यावर तरंगत ठेवलेली. तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून तिच्याबरोबर गोल चालायचात. एका फेरीत सोळा आकडे मोठ्यानं सांगायचे. मुलगी लिहून घ्यायची.

थर्झा : आणि मुलीचे पाय गारठायचे, ते कुणी लिहिलं नाही.

हेक्टर : पास. आता जुळ्या भावांचं सांग. एक रॉकेटमधून गेला, एक घरी राहिला. आइन्स्टाइन म्हणतो, जो पळतो त्याचं घड्याळ हळू. पण पळणारा म्हणेल, मी तर इथेच बसलोय, घरच मागे पळालं. म्हणजे दोघंही म्हणणार, तुझं घड्याळ हळू. परत आल्यावर तरुण कोण?

मिल्डा : जो गेला तो.

हेक्टर : का? दोघांचं म्हणणं सारखंच आहे.

मिल्डा : सारखं नाही. एकानं वाटेत दिशा बदलली. मागे वळला. त्याला धक्का बसला. घरच्याच्या कपातला चहासुद्धा हलला नाही. ते दोघे सारखे आहेत असं कोडं घालणाऱ्यानं गुपचूप धरलं आहे. लबाडी तिथे आहे.

हेक्टर : शाबास. दर गुरुवारी क्लबात सहा जण याच जुळ्यांवर हसायचे. पळती शिडी आखडून कोठारात मावते की नाही, त्यावरही हसायचे. म्हणायचे, हेक्टर, तुझा आइन्स्टाइन असाच मेला की, तू उगाच डोंगर चढतोस. मी म्हणायचो, अरे, एकाच प्रश्नाला सिद्धान्तातूनच दोन उत्तरं निघाली, तर तो मेला. इथे उत्तर एकच निघतं. ते तुम्हाला पटत नाही, हे तुमचं दुखणं आहे, त्याचं नाही.

मिल्डा : मला वाटलं होतं, तुम्ही आइन्स्टाइनच्या विरुद्ध होतात.

हेक्टर : मी कुणाच्याच विरुद्ध नव्हतो गं. माझ्या पट्ट्या सरकत होत्या, एवढंच. त्या सरकायला नको होत्या आणि सरकत होत्या. पस्तीस साली जर्मनीतून पत्र आलं होतं. या, पदक देतो, सत्कार करतो. तीन पानी पत्र. त्यातली दोन पानं ज्यूंना शिव्या. माझ्या आकड्यांबद्दल एक ओळ नाही. थर्झा, काय केलं आपण त्याचं?

थर्झा : चूल पेटवली. ओलं होतं, धूर फार झाला.

मिल्डा : ते लोक मला माहीत आहेत. आमच्या गावात आले होते.

हेक्टर : हं. तर त्यानंतर आणखीच पंचाईत झाली. आइन्स्टाइनवर शंका म्हटलं की माणूस त्यांच्यातलाच, असं व्हायला लागलं. असो. काय निघालं तुझ्या यंत्रातून?

थर्झा : बाबा, आधी चहा घेऊ. मी स्कोन भाजलेत.

हेक्टर : थर्झा, मी हिला विचारतोय.

मिल्डा : पट्ट्या सरकत होत्या. तुम्ही नीट वाचलंत. आकड्यांत खोट नाही.

हेक्टर : पण.

मिल्डा : वारा अवकाशातून येत असेल, तर त्यानं ताऱ्यांचं घड्याळ पाळायला हवं. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. महिन्याला दोन तास होतात. उन्हाळ्यात दुपारी जिकडून वारा यायचा, हिवाळ्यात तिकडून मध्यरात्री यायला हवा.

हेक्टर : येत होता! मी चारही ऋतूंच्या सरासऱ्या काढल्या आहेत. छापल्या आहेत.

मिल्डा : सरासरी काढताना तुम्ही काही दिवस सोडलेत.

हेक्टर : ढगाळ. ढगाळ दिवशी सरक फार क्षीण यायची. काहीतरी बिघाड असायचा. पारा मळलेला असेल, नाहीतर मी दमलेला.

मिल्डा : तेवीस वेळा तुम्ही समासात लिहिलं आहे, 'ढगाळ. वाया.' ते दिवस मी परत घातले. आणि सरासरी न काढता बारा हजार फेऱ्या एकेक करून घड्याळावर मांडल्या. ताऱ्यांचं घड्याळ दिसलं नाही. सूर्याचं दिसलं. सकाळी पूर्वेची भिंत, दुपारी उत्तरेची, इथे सूर्य उत्तरेकडून जातो ना, मग पश्चिमेची. जी भिंत तापली, तिकडून तुमचा वारा.

हेक्टर : रात्रीचं काय? रात्रीही सरकत होत्या.

मिल्डा : तिसऱ्या हिश्शानं. आणि नेहमी एकाच बाजूनं. खोपटाच्या मागे काय होतं?

हेक्टर : खडक. मोठा, काळा.

मिल्डा : दिवसभर तापलेला.

हेक्टर : मी शेगडी लावून पाहिलं होतं. एका भिंतीला शेगडी. पट्ट्या वेड्यावाकड्या नाचल्या, वाऱ्यासारख्या अजिबात नाहीत. म्हणून तर उष्णता नाही असं ठरवलं.

मिल्डा : शेगडी एका जागी आणि जोरात तापवते. ऊन अख्खी भिंत हळूहळू तापवतं. आतल्या हवेत अंशाच्या शंभराव्या हिश्शाचा फरक पुरतो. तुमचे तापमापक दहाव्या हिश्शापर्यंतच सांगायचे. तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं.

हेक्टर : शक्य होतं. समासात दिसत होतं. तेवीस वेळा.

थर्झा : झालं समाधान? बाई, तुमचं झालं? आता जरा त्यांना पाणी तरी पिऊ द्या.

हेक्टर : ओरडू नकोस तिच्यावर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं वाचलंय. सगळं वाचलंय. समाससुद्धा.

थर्झा : तुम्हाला राग येत नाहीये?

हेक्टर : येतोय. कुणावर काढायचा ते ठरवतोय. मिल्डा, म्हणजे ते बरोबर होते. ज्यांनी उत्तरं दिली नाहीत ते.

मिल्डा : त्यांचं उत्तर बरोबर निघालं. पण त्यांनी बघितलं नव्हतं. दोन्ही एक नाही.

हेक्टर : तू असतीस तर काय केलं असतंस? तीस साली? माझ्या खोपटासाठी आइन्स्टाइनला सोडलं असतंस?

मिल्डा : नाही.

हेक्टर : इतक्या पटकन?

मिल्डा : युरेनस वाट सोडून चालत होता, तेव्हा कुणी न्यूटनला सोडलं नाही. आणखी एक ग्रह असेल म्हणाले. शोधला, नेपच्यून मिळाला.

हेक्टर : आणि बुधही वाट सोडून चालत होता. तिथेही म्हणाले, ग्रह असेल. पन्नास वर्षं शोधला. काही नव्हतं. तिथे न्यूटनच अपुरा होता. आधी कसं कळायचं, हा युरेनस की हा बुध?

मिल्डा : आधी कळत नाही. म्हणून लगेच सोडायचं नाही. पण न जुळणारा आकडा फेकायचाही नाही. तो जपून ठेवायचा आणि कुणीतरी त्याच्या मागे जायचं.

हेक्टर : तेच. मी त्यांना सिद्धान्त टाका असं कधी म्हटलंच नव्हतं. मी एवढंच लिहीत होतो, एक माणूस पाठवा. आठ दिवस माझ्याबरोबर खोपटात बसू दे त्याला. तीन सुट्ट्यांमध्ये मी जादा खाट घालून ठेवली होती.

थर्झा : मला आठवते ती खाट. मी त्यावर बटाटे ठेवायचे.

हेक्टर : थांब. तुझं म्हणणंही मी असंच गिळणार नाही, मिल्डा. वारा भिंतीचा असेल, तर एक गोष्ट व्हायलाच हवी. चारही भिंती सारख्या गार असल्या, तर पट्ट्या सरकताच कामा नयेत.

मिल्डा : बरोबर. पण तसा दिवस मला सापडला नाही.

हेक्टर : एक आठवडा होता तसा. एकोणतीसचा ऑगस्ट, ऐन हिवाळा. छपरापर्यंत बर्फ पडला होता. चहूकडून गोधडीत गुंडाळल्यासारखं झालं असणार खोपट. नेमका मी तेव्हा सिडनीला, भाषणाला. थर्झाला सांगून गेलो होतो, तीन दिवस फेऱ्या घे म्हणून. पण रस्ताच बंद झाला, तिला वर जाता आलं नाही. केवढी संधी गेली बघ.

मिल्डा : वह्यांवर एक्केचाळीसपर्यंत नंबर आहेत. मला चाळीस मिळाल्या. अठ्ठावीस नाही. ती एकोणतीसच्या ऑगस्टचीच असायला हवी.

हेक्टर : नंबर घालताना चुकलो असेन.

मिल्डा : तुम्ही नंबर घालताना चुकत नाही.

हेक्टर : थर्झा?

थर्झा : जॅम उतरवते आधी.

हेक्टर : थर्झा.

थर्झा : गेले होते मी वर. रस्ता बंदच होता, चालत गेले. पाच तास लागले. दार फावड्यानं मोकळं केलं. तुम्ही सांगितलं होतं ना, खंड पडता कामा नये म्हणून. एकोणीस वर्षांची होते, तुम्ही सांगाल ती पूर्व दिशा. लिहून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून सोळा आकडे डोक्यात ठेवायचे, फेरी संपली की लिहायचे. दोन दिवसांत एकशे दहा फेऱ्या.

हेक्टर : आणि?

थर्झा : काही नाही. शून्य. शून्य, शून्य, कधीतरी एक, परत शून्य. मला वाटलं, मलाच वाचता येत नाहीये. आरसे पुसले. परत तेच. खाली आले तर पोस्टात तुमची तार पडलेली. 'सभागृह तुडुंब. लोक उभे राहिले.' मी ती तार हातात धरून उभी होते आणि दुसऱ्या हातात वही.

हेक्टर : लपवलीस.

थर्झा : चादरींच्या खाली. नंबर तुम्ही आधीच घालून ठेवले होते, पुढची वही मीच काढून दिली. मग तुम्ही आलात, बर्फ वितळला, ऊन पडलं, आणि पट्ट्या पुन्हा सरकायला लागल्या. मी म्हटलं, बघ, मूर्ख, तूच चुकली होतीस. चुकीचं वाचलेलं कशाला दाखवायचं? आणि पुढे पुढे... पुढे दाखवायची वेळच निघून गेली. बाबा, माझ्या एका वहीनं तुमची सगळी वर्षं वाचली असती.

हेक्टर : नसती वाचली.

थर्झा : मला बरं वाटावं म्हणून बोलू नका.

हेक्टर : मी कधी बोललोय तसं? तू वही दाखवली असतीस ना, तर मी म्हणालो असतो, पोरीनं एकटीनं केलं, थंडीत केलं, सराव नाही. आणि समासात काय लिहिलं असतं ते मिल्डाला विचार. तिला माझं अक्षर पाठ आहे.

मिल्डा : 'बर्फ. वाया.'

हेक्टर : तेच. तुझा एक न जुळणारा आकडा होता, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्या मोठ्या लोकांकडे माझे न जुळणारे आकडे होते, आणि त्यांनी आइन्स्टाइनवर विश्वास ठेवला. त्यांचा विश्वास खरा ठरला, तुझा नाही. यात तुझी चूक फार नाही.

थर्झा : थोडी आहे.

हेक्टर : थोडी आहे. वही आहे अजून?

थर्झा : आहे. चादरी बदलल्या, वही तिथेच.

मिल्डा : मला ती लागेल. त्याशिवाय लेख पुरा होणार नाही. तुमची हरकत नसेल तर.

हेक्टर : हरकत? लेख मीच सांगणार, तू लिही. चूक माझ्या नावावर छापली गेली, ती मागेही माझ्याच नावानं घ्यायची. तुझं नाव घाल, हिचं घाल. आणि ती खाटेची गोष्ट घालू नकोस, रडगाणं वाटेल.

थर्झा : माझं कशाला नाव? मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारते.

हेक्टर : एकशे दहा फेऱ्या तुझ्या आहेत. घे ती वही, जा. नाही, थांब, बस जरा. आधी मला एक सांग.

थर्झा : काय?

हेक्टर : मी बारा हजार वेळा त्या दुर्बिणीतून बघितलं. एकदाही त्या पट्ट्या स्थिर दिसल्या नाहीत मला. कशा होत्या?

थर्झा : कशा म्हणजे... हलल्याच नाहीत, बाबा. मी चालत होते, शिळा फिरत होती, आणि त्या जागच्या जागी. रेघ मारून ठेवल्यासारख्या. मधली काळी तर इतकी काळी की कडा बोटाला लागेल असं वाटत होतं. बाहेर कसलाही आवाज नव्हता. मी एक फेरी आकडे न मोजताच चालले.

हेक्टर : नुसतं बघत?

थर्झा : नुसतं बघत.

हेक्टर : बरं झालं. घरात एकानं तरी पाहिलं.